तात्यांच्या नावावरचं काळीज

तात्यांची बोटं कधी गप्प बसली नाहीत. माझ्या मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला आले, की काउंटरच्या काचेवर बोटं चालू. चहाचा कप दिला तर कपावर, हातात काठी असली तर काठीवर, आणि काहीच नसलं तर स्वतःच्याच मनगटावर. तोंड बंद, फुंक नाही, आवाज नाही, नुसती बोटं. नवख्या माणसाला वाटावं, यांना कसला तरी झटका येतोय. मला मात्र हळूहळू ओळखू यायला लागलं. बोटं टपटप उड्या मारत असली की वरातीचं गाणं, आणि काचेवरून घसरत निघाली की पोरीच्या पाठवणीचं. एकदा मी म्हटलं, “तात्या, काच फुटेल माझी, जरा हळू पाठवा पोरीला.” तर ते इतके खूश झाले, की गोळ्या काउंटरवरच विसरून घरी गेले.

शिनोलीत आणि पुढे भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या वाड्यावस्त्यांत त्यांना बँडवाले तात्या म्हणायचे. उभी हयात त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. माझं माहेर डिंगोऱ्याचं. माझ्या मांडवात जे क्लॅरोनेट वाजलं होतं ते यांचंच, हे मला इथं नांदायला आल्यावर कळलं. मी तसं सांगितल्यावर तात्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, “तुमचा मामा मांडवात पडला व्हता त्येच लगीन ना?” तेच लग्न. मामाचं नाव निघालं की अजून माझ्या कानशिलापर्यंत लाली चढते.

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला नेलं, बायपास झाली. डॉक्टरांनी बजावलं, जगायचं असेल तर वाद्याला तोंड लावायचं नाही. तात्यांनी क्लॅरोनेट गवसणीत घालून खुंटीला टांगलं आणि बँड साथीदारांना देऊन टाकला. फुंक गेली, बोटं तेवढी मागे राहिली. देवासमोरचा दिवासुद्धा त्यांना फुंकून विझवता यायचा नाही, आणि त्यांची बायको, आमच्या अक्का, म्हणायच्या, “दिवा इझवूच नये, बरंच हाय की.”

तात्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “आपुन हाय तेवढंच वाजवायचं.” एका लग्नात नवऱ्या मुलाच्या बापानं कुठल्याशा नव्या सिनेमाच्या गाण्यासाठी हट्ट धरला. तात्यांना ते येत नव्हतं. दुसरा कुणी असता तर वरच्यावर काहीतरी सूर काढून वेळ मारून नेली असती. त्या गर्दीत कुणाला कळणार होतं? तात्या हात जोडून म्हणाले, “न्हाई येत, पावणं.” बाप नोटा नाचवतोय, पोरं शिट्ट्या मारतायत, आणि हे वाद्य खाली घेऊन उभे. त्या सुपारीचे पैसे कापले गेले. साथीदारांनी आठवडाभर शिव्या घातल्या. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. भावाची पोरकी मुलगी सुमन त्यांनीच वाढवली आणि तिचं लग्न करून दिलं. सुमनचा नवरा मंचरला, घरासाठी कर्ज देणाऱ्या एका ऑफिसात कामाला होता. स्वभावानं वाईट नव्हता, पण बोलायला लागला की समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काम उरायचं नाही. तात्या त्याला कायम जावईबापूच म्हणायचे. तात्यांच्या जुन्या घराची मागची भिंत बसली, तेव्हा जावईबापूंनीच कर्ज करून दिलं आणि दोन खोल्यांचं स्लॅबचं घर उभं राहिलं.

आता इथं आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे जावयाला प्रश्न विचारत नाहीत. जावई दारात आला की तांब्याभर पाणी, मग टोपी-उपरणं, आणि तो काय म्हणेल त्याला “बरं.” हे काय, ते कशाला, किती, कुठं, असं विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं आणि आपल्या पोरीला सासरी टोमणे खायला लावणं. जावईबापू कर्जाचे कागद घेऊन आले ते अशाच मानानं पाटावर बसले. अक्का पुरणपोळी वाढत होत्या. तात्यांनी एवढंच म्हटलं, “माजी बायपास झालीया, ते लिवायचं कुठं ऱ्हायलं तर बगा.” जावईबापू म्हणाले, “ते मी बघतो.” जावईबापू बोट ठेवतील तिथं तात्यांनी सह्या केल्या. त्यात एक सही विम्याची होती.

मला हे सगळं कळलं ते एका फोनमुळे. आमच्या भागात मोबाईलला रेंज मिळते ती माझ्या दुकानाच्या पायरीवर. तात्या तिथं बसले असताना फोन आला. एक मुलगी गोड आवाजात बोलत होती, आणि तात्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावलेला. “सर, आपल्या गृहकर्जाच्या विम्याला एक वर्ष झालं, अभिनंदन! आपल्याला हृदयाचा कोणताही त्रास नाही, बरोबर?”

“आवो बाई, माजी छाती फाडून शिवलीया.”

पलीकडून बटणांची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी म्हणाली, “सर, सिस्टीममध्ये तसं दिसत नाही. सिस्टीममध्ये आपण एकदम निरोगी आहात.”

फोन ठेवल्यावर तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना समजावून सांगितलं. हा विमा कशासाठी, तर कर्जदार मेला की कंपनीनं उरलेलं कर्ज फेडायचं आणि घर बायकोला मोकळं करून द्यायचं. पण तुम्ही निरोगी असल्याचं लिहून दिलंय. उद्या काही झालं तर कंपनी चौकशी करणार, बायपास सापडणार, आणि ते हात वर करणार. अक्का बसतील घर मोकळं झालं म्हणून, आणि दारात येतील वसुलीवाले. शिवाय त्या विम्याची रक्कम कर्जातच मिळवलेली, म्हणजे तिच्यावरही व्याज चालू.

तात्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती. ते म्हणाले, “म्हंजी मी मेल्यावर हिला घराभायेर काढणार, आन् त्याचं पैसं बी मीच भरायचं?”

मला संताप आला. माझा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याचं भांडण दिसलं की माझा पदर आपोआप खोचला जातो. त्याच संध्याकाळी मी तात्यांकडून कंपनीला अर्ज करवला, की विमा चुकीच्या माहितीवर विकला आहे, तो रद्द करा आणि पैसे परत द्या. जावयाचं नाव त्यात घालू दिलं नाही तात्यांनी. “सुमीला जड जाईल,” म्हणाले.

उत्तर आलं. कंपनी म्हणत होती, की आमच्या नोंदीप्रमाणे आपली तब्येत उत्तम असून वैद्यकीय तपासणीही झालेली आहे, सबब विमा योग्य आहे. सोबत तपासणीच्या कागदांची झेरॉक्स होती. रक्त, लघवी आणि हृदयाचा आलेख. वर नाव तात्यांचं, गाव तात्यांचं, वय तात्यांचं. आणि तात्या त्या तपासणीला कधीही गेले नव्हते.

मला भुताखेतांचं काडीचं कौतुक नाही. औषधाचं दुकान चालवणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. पण तो आलेख तात्यांनी काउंटरवर पसरला आणि त्या काळ्या रेघेवरून एक बोट सावकाश न्यायला सुरुवात केली, तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. प्रत्येक टोकाशी बोट किंचित थांबायचं. दुसऱ्या हातानं ते काचेवर ठेका धरत होते. टोकापर्यंत गेले, परत पहिल्यापासून आले.

“लई बेस ठेका हाय,” ते म्हणाले. “कुठं अडत न्हाई, कुठं पळत न्हाई. तरणं काळीज हाय ताई. ह्ये कुणाचं?”

मी म्हटलं, “असेल कुणाचं तरी. कागद भरायला कुणालाही झोपवतात मेले.”

“कुणाचं तरी न्हाई. माज्या नावावर हाय नव्हं ह्ये?” त्यांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात, बरोबर ऑपरेशनच्या वणावर ठेवली.

आम्ही पुण्याच्या दवाखान्याचे कागद जोडून पुन्हा अर्ज केला. माणसं आपण धडधाकट असल्याचे दाखले गोळा करतात, आम्ही तात्या आजारी असल्याचे पुरावे गोळा करत होतो. माझ्या दुकानाची बिलंही जोडली. त्यावर जे उत्तर आलं ते मी पायरीवर उभी राहून मोठ्यानं वाचलं. लिहिलं होतं, ‘आपण पाठविलेल्या कागदपत्रांतील व्यक्ती आणि आमच्या नोंदीतील व्यक्ती एकच असल्याचे दिसून येत नाही.’

तात्या हसले नाहीत की चिडले नाहीत. “बगा,” ते म्हणाले, “त्यांनी बी कबूल केलं. दोगं हायेत.”

त्या दिवसापासून तात्यांच्या बोलण्यात ‘त्यो’ आला. त्याला गोळ्या लागत नाहीत. त्यो जिना चढतो. त्याला मीठ चालतं. सुरुवातीला मी थट्टेवारी नेलं. “मग त्याला सांगा की दळण आणायला,” असं म्हणायची. पण हळूहळू थट्टा करवेना. बेल्ह्याच्या बैलबाजारातून एक व्यापारी आला आणि तात्यांना रस्त्यात अडवून म्हणाला, “काय राव, सोमवारी हाक मारली तर वळून बगितलं बी न्हाई! टेंपोत उडी मारून गेला की.” तात्या त्या सोमवारी माझ्या दुकानात वाफ घेत बसले होते. मी स्वतः मशीन लावून दिलं होतं. व्यापाऱ्याची नजर चुकली असेल, तात्यांसारख्या टोपीची माणसं ढिगानं असतात. मी तसं सांगितलंही. तात्या म्हणाले, “उडी मारली म्हनतोय,” आणि त्यांचा चेहरा मला बघवला नाही. त्यात भीती होती आणि थोडा हेवाही होता.

पुढच्या खेपेला ते गोळ्या न्यायलाच आले नाहीत. वैशाखाचे दिवस होते. मी दुपारचं दुकान बंद केलं आणि पाकीट घेऊन त्यांच्या घरी निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर पायाला चिकटत होतं. त्यांच्या बांधाजवळ आले आणि क्लॅरोनेट ऐकू आलं.

पाठवणीचं गाणं होतं. माझ्या स्वतःच्या लग्नात वाजलेलं. फुंक इतकी लांब, की मधे श्वास कुठं घेतला ते कळत नव्हतं. मला वाटलं, बँडचं कुणी भेटायला आलंय. आणि रागही आला, की आजारी माणसाच्या उशाशी वाजवतात कशाला. अंगणात त्यांचं कुत्रं होतं, बिबट्याच्या भीतीनं गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेलं. मी आले की ते माझ्या अंगावर भुंकायचंच. आज त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीकडे तोंड करून शेपूट हलवत बसलं होतं.

अक्का उंबऱ्यावर बसून गहू निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी आत डोकावले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तात्या खाटेवर उताणे झोपले होते, छातीतून शिट्टी वाजल्यागत श्वास चालला होता, आणि त्यांचे दोन्ही हात अंगाशेजारी पडले होते. बोटं हलत नव्हती. इतक्या वर्षांत ती बोटं मी पहिल्यांदाच गप्प बघितली. आणि क्लॅरोनेट वाजत होतं.

मग ते थांबलं. गाणं पुरं झालं तसं थांबलं, मधेच नाही.

मी तरातरा आत गेले आणि खुंटीवरची गवसणी खाली काढली. मला शहानिशा करायची होती, दुसरं काही नाही. आत क्लॅरोनेट होतं. त्याच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती बसवलेली असते, वाजवणारा ती ओठांत धरतो. मी तिला बोट लावलं. पत्ती ओली होती.

मी बाहेर येऊन अक्कांच्या शेजारी मटकन बसले. आपल्या अंगावर काटा आलाय हे मी दुसऱ्या बाईला दाखवत नाही, पण तेव्हा लपवता आलं नाही. अक्का सुपातले खडे वेचत म्हणाल्या, “रोज दुपारचं वाजतंय. यानला सांगू नगा. यांचा डोळा लागला की वाजतंय.” थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “लई दिसांनी आयकलं मी. ते पैशे परत न्हाई मिळालं तर चालंल का वो ताई?” मी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि रणरणत्या उन्हातून घरी आले.

अर्जाची कुणकुण लागल्यावर जावईबापू येऊन गेले. या खेपेला मात्र तात्यांकडे नाही, माझ्या दुकानात आले, कारण अर्ज माझ्याच अक्षरात होता. खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. विम्याला तीन वर्षं झाली ना, की मग आजार लपवला म्हणून कंपनीला नाही म्हणता येत नाही. कायदाच आहे. तात्यांना म्हणावं, गप्प बसा आणि तीन वर्षं पुरी होईपर्यंत फक्त जगा. घर आपोआप मोकळं.”

मी चौकशी केली. साधारण तसंच होतं. मी मनात म्हटलं, माणूस लबाड आहे, पण वाट तर आहे. आणि मी ती तात्यांना सांगितली. ते खाटेवर बसून ऐकत होते. त्या दोन महिन्यांत त्यांचं अंग निम्मं झालं होतं. गोळ्या कधी घ्यायचे, कधी “त्यानं घेतल्या न्हाईत, मग मी कशाला” म्हणून ठेवून द्यायचे. अक्का दाराआड उभ्या होत्या.

“बरं, तीन वर्सं जगलो,” तात्या म्हणाले. “मग मेलो. पैसं आलं. पन ते त्याच्या मरणाचं आलं ना? माज्या मरणाचं काय? मग माज्यावर कोन रडनार?” मी म्हटलं, असं खुळ्यासारखं बोलू नका. तेव्हा ते पुढे झुकून म्हणाले, “ताई, त्यो भरतोय आन् मी सरतोय. घरात दोगांला जागा न्हाई. पैसं परत मिळू दे आगर न मिळू दे, त्याला काडा.”

दाराआडून अक्का आत निघून गेल्याचं मला ऐकू आलं.

पुढे अधिक महिना लागला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलवायचं, त्यांचे पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे आणि अनारशांवर दिवा ठेवून जावयाला वाण द्यायचं. तात्यांनी सुमनला आणि जावईबापूंना आवतण धाडलं. अक्कांच्या हाताखाली वाढायला मी होते. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

बाहेर पाऊस लागून राहिला होता. तात्यांनी स्वतः वाकून जावयाचे पाय धुतले. त्यांना धाप लागली, पण कुणाला हात लावू दिला नाही. मग वाणाचं ताट पुढं केलं. अनारसे, त्यावर दिवा, आणि शेजारी विड्याच्या जागी त्या आलेखाची घडी.

जावईबापूंनी घडी ओळखली. “तात्या, आज कशाला?”

“आजच. रागानं इचारत न्हाई मी, पोरीची आन. ह्ये काळीज कुनाचं हाय एवढं सांगा. त्याच्या घरी कुनीतरी वाट बगत आसंल.”

आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी जावयाला प्रश्न विचारला होता. सुमनच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. जावईबापू ताटाकडे बघत बसले. मग म्हणाले, “महिनाअखेर होती. विमे पुरे करायचे होते. तुमची तपासणी केली असती तर विमा झाला नसता. लॅबवाला म्हणाला, कुणीतरी झोपा. मी झोपलो.”

“म्हंजी त्यो तुमी व्हय!” तात्या म्हणाले. त्यांनी जावयाचा हात धरला, आपल्या सदऱ्याची गुंडी काढली आणि तो तळवा आपल्या वणावर दाबून धरला. “आयका. कसं अडखळतंय बगा. आता तुमचं आयका.” आणि तोच हात उचलून जावयाच्या छातीवर ठेवला. “ह्ये तुमचं माज्या नावावर लिवलंय. मी आज हाय, उद्या न्हाई. मी गेलो म्हंजी कंपनीच्या दप्तरात काय लिवणार? ह्ये बंद पडलं म्हून लिवणार. आमच्या सुमीच्या नवऱ्याचं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं होतं, ते जावयाला धमकावतायत. तसं नव्हतं. त्यांना खरंच त्याची काळजी लागली होती. “न्हाई राव. असं न्हाई ठेवायचं. तुमचं तुमी परत घ्या.”

जावईबापू आधी हसल्यासारखं करत होते, ते हसू मधेच राहिलं. सुमननं निरांजन खाली ठेवून नवऱ्याचं मनगट धरलं. शेवटपर्यंत ते जेवले, कारण धोंडा टाकता येत नाही. पण उजव्या हातानं जेवताना डावा हात छातीवरचा निघाला नाही. पाऊस असूनही कपाळावर घाम होता. निघताना तात्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, “सोमवारी करतो.”

सोमवारी त्यांनी खरोखरच केलं. तपासणी तात्यांची नव्हती, ती आपण करवली, असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. त्या ऑफिसातली नोकरी गेली. आता ते नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात काम करतात आणि माझ्या दुकानावरून जाताना मान खाली घालत नाहीत, हे मला आवडतं.

पैसे परत मिळाल्याचा मेसेज पायरीवरच आला. रक्कम कर्जातून वजा झाली होती, हप्ता हलका झाला होता. मी तात्यांना वाचून दाखवला.

“आन् त्यो?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “विमा रद्द झाला तात्या. तो गेला.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. थोडा वेळ बसून ते घरी गेले, आणि अक्कांनी सांगितलं ते असं, की दारात थांबून त्यांनी पाणी मागितलं आणि नात्यातलं कुणी गेल्याचं कळल्यावर करतात तशी डोक्यावरून आंघोळ केली. मगच घरात आले. त्या दुपारी अक्का उंबऱ्यावर बसून राहिल्या. काही वाजलं नाही. पुन्हा कधीच वाजलं नाही.

तात्यांनी नियमानं गोळ्या घ्यायला सुरुवात केली. अंग थोडं भरलं. माझ्या काचेवर पुन्हा वराती निघायला लागल्या. विमा घेतल्याला तीन वर्षं होऊन गेली आणि त्यानंतर, एका सकाळी, म्हशीला पाणी दाखवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. जावईबापूंनी मुलासारखं सगळं केलं.

दुखवट्याला बायका जमल्या होत्या. आमच्या गावात कुणाचं गणित कुणापासून लपत नाही. एकीनं हिशेब मांडलाच. “तीन वर्सं वरती गेली की वो! गप बसला असता म्हातारा, तर आज घर फुकटात मोकळं झालं असतं. आता ह्या म्हातारीनं हप्ते भरायचे.” दुसऱ्या बाया च्‌ च्‌ करू लागल्या. मी भांडायला तोंड उघडणार होते.

अक्कांनी मला हातानं गप्प केलं. रडून रडून त्यांचा आवाज उरला नव्हता, पण शब्द नीट कळत होते.

“हप्ते मी भरीन गं. ज्याच्यावर मी रडले त्यो माजाच व्हता. त्यात कुनाची भेसळ नव्हती.”